बायकांच्या सभेचं सहकुटुंब निमंत्रण

आमच्या घराण्यात मसुदा लिहिण्याचा रोग आहे. पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते. त्यांनी लिहिलेला हुकूम वाचताना माणूस आधी कौतुकाने मान डोलवायचा आणि आपली बदली झाली आहे हे मागाहून त्याच्या लक्षात यायचं, असं आमच्याकडे सांगतात. आजोबांनी हा वारसा शिक्षणखात्यात चालवला, वडिलांनी बँकेत. माझ्यापर्यंत येईतो संस्थान गेलं, कचेरी गेली, दौत वाळली. खाज तेवढी राहिली. ती मी बडोद्याच्या अकोटा भागातल्या आमच्या सोसायटीत भागवून घेतो. मी सोसायटीचा मानद चिटणीस आहे. मानद म्हणजे कोणी न सांगता झालेला. पाण्याची टाकी धुवायची असली तरी माझी सूचना ‘सर्व सन्माननीय रहिवाशांस सविनय’ अशी सुरू होते. लोक ती शेवटपर्यंत वाचत नाहीत आणि टाकी धुण्याच्या दिवशी अंगाला साबण लावून मला हाका मारतात.

या खाजेपायी मी एका बाईची सुटकेची वाट जवळजवळ बुजवून टाकली होती. ती ज्यांनी पुन्हा मोकळी केली त्यांच्याकडे मी अजून मान वर करून बघतो. लहानपणी राजवाड्याच्या मनोऱ्याकडे टोपी मागे पडेपर्यंत बघायचो, तसा.

झालं असं, की पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून एक बाई आमच्याकडे आल्या. चाळिशीच्या, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात पत्रकांचा गठ्ठा. घरातल्या मारहाणीबद्दल, छळाबद्दल बायकांना माहिती द्यायची, कुठे जायचं, कोणाला फोन करायचा ते सांगायचं, म्हणून पालिका वस्तीवस्तीत सभा घेत होती. आमच्या सोसायटीचा हॉल त्यांना हवा होता. त्या गुजराती, पण माझं आडनाव दारावर वाचून मराठीत सुरुवात केली. बडोद्यातल्या गुजराती माणसाचं मराठी आणि मराठी माणसाचं गुजराती यांची जात एकच. दोघांनाही आपण अस्खलित बोलतो असं वाटत असतं.

“काका, फक्त बहेनो हां,” त्या म्हणाल्या. “भाईलोक नको. बहेनो मोकळ्या बोलल्या पाहिजेत.”

“अगदी निर्धास्त राहा,” मी म्हणालो. माझ्या डोक्यात तोवर निमंत्रणाची पहिली ओळ तयार झाली होती.

त्या गेल्यावर आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात लाटणं तसंच.

“अहो, खरंच येणारेत का त्या? आणि त्यांच्याशी बोलता येईल? एकटीने?”

“तुला काय बोलायचंय?” मी जरा दचकूनच विचारलं.

“मला नाही हो,” ती म्हणाली आणि परत आत गेली. मग स्वयंपाकघराची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

त्या खिडकीचं मला पुढे कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे आंधळे राहाल. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मराठी जोडपं राहायचं. तो चांगल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, गोड गळ्याचा, गोड जिभेचा. लिफ्टमध्ये म्हाताऱ्यांच्या पिशव्या धरणारा, सोसायटीच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे. मुलगी पुण्याला शिकायला. आणि ती, त्याची बायको, बाहेर कधी एकटी दिसायची नाही. बाजारात तो बरोबर, देवळात तो बरोबर, डॉक्टरकडे तो बरोबर. मी म्हणायचो, काय जोडी आहे! तिचा फोन त्याने काढून घेतला होता. मेमध्येसुद्धा ती लांब बाह्यांचे ब्लाउज घालायची आणि ते का, हे दोन स्वयंपाकघरांच्या समोरासमोरच्या खिडक्यांना ठाऊक होतं. तो आंघोळीला गेला की ती खिडकीशी यायची आणि नळाचा आवाज थांबेपर्यंत आमच्या हिच्याशी बोलायची. तेवढंच. तिला सुटायचं होतं. पण कसं, कुठे, कायदा काय म्हणतो, मुलीचं काय, हे जाणत्या कोणाला तरी नीट विचारायचं होतं. त्यासाठी तिला एकच गोष्ट हवी होती: नवऱ्याच्या नजरेआड थोडा वेळ. आमची ही खिडकी उघडून तिला सांगत होती, की तो वेळ येतोय, रविवारी, आपल्याच हॉलमध्ये, फक्त बायका.

आणि दिवाणखान्यात मी मसुदा लिहीत होतो.

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. ‘फक्त महिलांनी यावे’ हे वाक्य मला उघडंबोडकं वाटलं. चांगल्या घरातल्या बाईला असं एकटीला बोलवायचं? लोक काय म्हणतील? निमंत्रण म्हणजे कर्त्या माणसाच्या नावाने, अदबीने. शिवाय ‘हिंसाचार’ हा शब्द सोसायटीच्या फलकावर शोभेना. मी तो काढून ‘कौटुंबिक सौख्य’ असा घातला. आणि खाली, बोटांच्या सवयीने, पणजोबांच्या पुण्याईने, जे आमच्या घरातल्या प्रत्येक निमंत्रणाखाली येतं तेच आलं: सहकुटुंब सहपरिवार अवश्य उपस्थित राहावे, ही आग्रहाची विनंती.

बायकांच्या सभेचं निमंत्रण मी नवऱ्यांना दिलं होतं. येताना बायकोला आणा म्हणून.

रविवारी हॉल भरला. मी दाराशी गुलाबपाण्याची दाणी घेऊन उभा, लग्नातल्या मुलीच्या बापासारखा. जोडप्याने लोक येत होते. आमची ही आली, तिने हॉलभर नजर फिरवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की दाणीतलं पाणी मी स्वतःच्याच बुटांवर शिंपडलं.

पालिकेच्या बाई हेल्मेट काढत आत आल्या आणि दारातच थबकल्या.

“काका, आ शुं?”

“सहकुटुंब!” मी अभिमानाने म्हणालो आणि निमंत्रण पुढे केलं.

त्यांनी ते वाचलं. लग्नपत्रिकेला गुजरातीत कंकोत्री म्हणतात. त्या एवढंच म्हणाल्या, “काका, आ तो कंकोत्री छे.”

तरी त्या बोलल्या, आणि छान बोलल्या. हात उचलणं म्हणजेच छळ असं नाही, म्हणाल्या. फोन काढून घेणं, घराबाहेर पडू न देणं, माणसांशी तोडणं, हेही त्यातच मोडतं, कायदाही तसंच मानतो. नवरे मंडळी गंभीरपणे माना हलवत होती, जणू हे सगळं दुसऱ्या कुठल्या तरी शहरात घडतं. शेवटी बाईंनी विचारलं, “कोई बहेनने कंई पूछवुं छे?”

एकही बाई बोलेना. प्रत्येकीच्या शेजारी तिचा नवरा. मग दुसऱ्या रांगेत ती, समोरची, अर्धवट उठली. तोंड उघडलं. त्याच क्षणी तिच्या नवऱ्याने तिच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला, तिला खाली बसवलं आणि हसून म्हणाला, “हिला पाणी हवंय. बस तू, मी आणतो.” आणि खरंच उठून पाणी आणलं. पेला तिच्या हातात नुसता दिला नाही, तर ओठांना लावला.

माईक माझ्या हातात होता. दुर्दैवाने तो नेहमीच माझ्या हातात असतो. मी म्हणालो, “बघा मंडळी! याला म्हणतात संसार!”

टाळ्या पडल्या. आणि आभार मानायला मी कोणाला बोलावलं असेल? बरोबर. सोसायटीत त्याच्यासारखं गोड बोलणारं दुसरं कोण होतं! तो उठला, पालिकेचे आभार मानले, गृहलक्ष्मीवर दोन वाक्यं बोलला, माझ्या लेखणीचं कौतुक केलं. मी मान डोलावली. ती पेल्यातल्या पाण्याकडे बघत बसली होती.

घरी आल्यावर हिने आधी पालिकेच्या बाईंना चहा दिला, मग मला बसवलं आणि खिडकीची सगळी हकिगत सांगितली. मी म्हणालो, “पण त्याचा आवाज कधी चढलेला ऐकला नाही मी.”

“चढवावा लागत नाही त्यांना,” ही म्हणाली.

चहा निवून गेला.   पालिकेच्या बाई म्हणाल्या, “पुन्हा सभा घेऊ. आता नीट लिहू. फक्त बहेनो.”

“तिला नाही सोडणार आता,” ही म्हणाली. “आज तिने तोंड उघडलेलं त्यांनी पाहिलंय.”

 मग आमच्या हिने बशी खाली ठेवली आणि अगदी सहज, बाजारात काय भाजी घ्यायची ते सांगावं तशी म्हणाली, “सभेला नवरा येतो. हळदीकुंकवाला नाही येत.”

 इतकी वर्षं दर संक्रांतीला या घरातून मला हाकलून दिलं गेलंय. मी बाहेर पायऱ्यांवर बसून वर्तमानपत्र वाचलंय आणि त्या कार्यक्रमाला मनातल्या मनात बायकांची गडबड म्हणालोय. पोरीबाळी येतात, हळद लावतात, कुंकू लावतात, प्लास्टिकचे डबे वाण म्हणून नेतात, संपलं. आज प्रथमच माझ्या लक्षात आलं, की आमच्या सगळ्या मराठी जगात ती एकच जागा आहे जिथे भल्याभल्या संशयी नवऱ्याला पाऊल टाकता येत नाही आणि बायकोला जाऊ नको म्हणताही येत नाही. सवाष्णीला हळदीकुंकवाला पाठवलं नाही तर उद्या चारचौघांत तोंड कसं दाखवायचं? पणजोबांनी शंभर हुकूम लिहून जे साधलं नसतं, ते कोण्या बायकांनी कधीचंच बांधून ठेवलं होतं. भिंती नाहीत, दार नाही, आणि तरी आत शिरता येत नाही.

“मी निमंत्रण लिहितो,” मी उत्साहाने म्हणालो.

“तुम्ही काहीही लिहायचं नाही,” दोघी एकदम म्हणाल्या. एक मराठीत, एक गुजरातीत.

संक्रांत झाली. तुम्हाला ठाऊक असेलच, बडोद्यात संक्रांत गच्च्यांवर होते. मग पुढे आठवडाभर झाडांना, तारांना, जिन्यांच्या कठड्यांना फाटक्या पतंगांचा दोरा लोंबत असतो. हिने खंडेराव मार्केटमधून ऊस, बोरं, हरभरे आणले, लहरीपुऱ्यातून वाणाला स्टीलच्या वाट्या आणल्या. पिशव्या मी वाहिल्या. बेत काय आहे हे मात्र मला हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारपर्यंत कळू दिलं नाही. का, ते मला तोंडावर सांगितलं गेलं: “तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिळगूळ करायचाय, तोवर गप्प बसा.”

पालिकेच्या बाई दुपारी जेवायलाच आल्या. समोरचा तो ऑफिसात होता, त्याने त्यांना वर येताना पाहिलं नाही. आज त्या रेशमी साडीत होत्या. जेवण झाल्यावर त्या आमच्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या आणि दार लोटून घेतलं. तेव्हा हिने मला काम सांगितलं.

“ते आज लवकर घरी येतील. आले की दार उघडं टाकून आपल्या दाराकडे बघत बसतील. त्यांना खाली न्या आणि मी सांगेपर्यंत वर येऊ देऊ नका.”

“कसं?”

“तुम्हाला जे येतं तेच करायचं. बोलायचं.”

लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या बोलण्याचा उपयोग होऊ शकतो हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

चार वाजल्यापासून बायका यायला लागल्या. हिने सोसायटीतली एकही बाई सोडली नव्हती. मराठी, गुजराती, सिंधी, कुंकू लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या. खालच्या मजल्यावरच्या काकू नवरा गेल्यापासून अशा ठिकाणी येत नसत, त्यांनाही हात धरून आणलं होतं. मी स्वयंपाकघरात तिळगुळाच्या पुड्या बांधत होतो आणि दाराच्या फटीतून बघत होतो. ही हळदकुंकू लावायची आणि म्हणायची, “अत्तर आतल्या खोलीत ठेवलंय हं. एकेकीने जाऊन लावून यायचं.”

पहिली आत गेली. अत्तर लावायला किती वेळ लागतो? ती बाहेर आली ती बऱ्याच वेळाने. काही बोलली नाही, पुढच्या बाईकडे नुसतं पाहिलं. दुसरी गेली. तिसरी गेली. हिने कोणालाही काही सांगितलं नव्हतं, हे मला शपथेवर माहीत आहे. पण तिसरी बाहेर येईपर्यंत बैठकीतल्या सगळ्यांना सगळं कळलं होतं. आत कोण बसलंय, आणि हे कोणासाठी चाललंय. मग कोणी न सांगता बाहेरच्यांनी आवाज वाढवले. एकीने उखाणा घेतला, दुसरीने तिची टर उडवली, सिंधी बाईंनी हिंदीत उखाणा रचला, हसण्याचा गदारोळ झाला, इतका की आतलं एक अक्षर बाहेर येणार नाही. आणि एकेक बाई आत जातच राहिली. नव्याने लग्न झालेली पोर गेली. काकू गेल्या. जिच्या घरात तिचाच शब्द चालतो असं मी छातीठोक सांगेन, तीही गेली. समोरच्या बाईवर कोणाची नजर जाऊ नये म्हणून प्रत्येकीने तिच्याआधी आपलं पाऊल त्या दारात टाकलं.

माझ्या हातातली तिळगुळाची पुडी तशीच राहिली. एवढी माणसं, न ठरवता, न बोलता, एका रांगेत अशी लागलेली मी कधी पाहिली नव्हती. हे मसुद्यात बसणारं नव्हतंच.

“अहो!” ही दारात. “ते आलेत.”

तो आला होता आणि हिने सांगितलं होतं तसाच आपलं दार सताड उघडं टाकून, समोर खुर्ची मांडून, पेपर घेऊन बसला होता. त्याची बायको आत आमच्याकडे, ताटातली बोरं निवडत, तिची पाळी यायची होती.

“अहो, बरं झालं भेटलात!” मी म्हणालो. “सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन. सूत्रसंचालन तुमच्याशिवाय कोण करणार? खाली चला, जागा बघू, माईक कुठे लावायचा ते ठरवू.”

स्तुती ही फार जुनी किल्ली आहे. संस्थानात तिच्यावर खाती चालायची. तो उठला. आम्ही खाली बाकड्यावर बसलो. मी हिरव्या चिवड्याची पुडी सोडली आणि माझे पराक्रम सांगायला घेतले. चुकीच्या कार्यालयात शिरून चुकीच्या नवरदेवाला आहेर केला आणि जेवून आलो, ती गोष्ट सांगितली. साहेबाच्या निरोपसमारंभात श्रद्धांजलीचं भाषण वाचलं, ती सांगितली. तो हसत होता, पण मध्येच जिन्याकडे बघत होता.

“हिला बराच वेळ झाला नाही, काका?”

“बायकांची बैठक! उखाणे चाललेत. ऐका ना, एकदा काय झालं...”

आणखी एक गोष्ट सांगितली. त्या गोष्टीला शेवटच नव्हता. मी तो बनवत होतो. तो उभा राहिला.

“बघूनच येतो.”

“अहो, हळदीकुंकवात पुरुष...”

“दारातून हाक मारतो नुसती,” तो हसून म्हणाला आणि चालू लागला.

मी मनात ठरवलं: पाय मुरगळल्याचं सोंग करायचं. बेत छान होता. मी त्याच्यामागे जिन्याकडे धावलो, योग्य जागा निवडली, कळवळल्यासारखा चेहरा तयार केला, आणि कठड्याला गुंतलेल्या पतंगाच्या दोऱ्यात पाय अडकून खरोखरच आडवा झालो. सोंगाची वेळच आली नाही. मी जी आरोळी मारली ती अस्सल होती.

पार्किंगमध्ये दोन-तीन माणसं होती, ती वळून बघायला लागली. आणि तिथेच तो अडकला. चारचौघांसमोर म्हातारा पडलेला असताना सोसायटीतला सर्वांत सज्जन माणूस त्याला ओलांडून वर कसा जाणार? तो परत फिरला. मला उचललं, पायरीवर टेकवून बसवलं, माझ्यासमोर खाली मांडी घातली, माझा पाय आपल्या मांडीवर घेतला, दोरा सोडवला, बूट काढला, मोजा काढला आणि घोट्यावर हात फिरवू लागला.

इथवर मी तुम्हाला हसत हसत सांगितलं. इथे हसू थांबतं. कारण त्याचे हात अतिशय मऊ होते. कुठे दाबायचं, कुठे नुसतं टेकायचं, दुखऱ्या जागेवरून कसं अल्लद जायचं, हे त्या हातांना पक्कं माहीत होतं. “इथे दुखतंय का, काका?” असं तो विचारत होता आणि मी ‘हं’ म्हटलं की बोटं लगेच हलकी व्हायची. राग आला की माणसाचं भान सुटतं, असं मी जन्मभर ऐकत आलो, म्हणतही आलो. या हातांचं भान कधीच सुटत नव्हतं. हलकं कुठे व्हायचं आणि जड कुठे, हे ते ठरवत होते. पाय ठणकत होता, पण माझ्या अंगावर काटा आला तो पायामुळे नाही.

वरून बोलण्याचा आवाज बंद झाला. मग जिन्यावर पावलं वाजली.

पुढे ती होती. कपाळावर कुंकू, एका हातात वाणाची वाटी, दुसऱ्या हातात एक कापडी पिशवी. ती आमच्या हिची होती. तिच्या बरोबर पालिकेच्या बाई. आणि मागे, जिन्याच्या वळणापर्यंत आणि वळणाच्या वर, सगळ्या बायका. हळदीकुंकू लावलेल्या, अत्तराचा वास येणाऱ्या, कोणी काही न बोलणाऱ्या.

त्याने मान वर केली. माझा पाय अजून त्याच्या मांडीवर होता.

“केम छो, भाई?” पालिकेच्या बाई गोडपणे म्हणाल्या. “ते दिवसनुं तमारुं भाषण बहु सरस हतुं.”

तो काही बोलायच्या आत ती बोलली. तिचा आवाज मी त्या दिवशी खऱ्या अर्थाने पहिल्यांदा ऐकला. भरदार होता.

“मी यांच्याबरोबर निघालेय. मग भावाकडे जाईन.”

“आत्ता?” तो म्हणाला. हसू अजून चेहऱ्यावर होतं. ते काढायला त्याला वेळ मिळाला नव्हता.

“आत्ता.”

त्याने जिन्याकडे पाहिलं. एवढे सगळे डोळे त्याच्याकडे बघत होते आणि त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. त्या नुसत्या उभ्या होत्या. त्याने पार्किंगमधल्या माणसांकडे पाहिलं. माझ्या पायाकडे पाहिलं. त्याने उठायला हवं होतं, पण उठायचं तर म्हाताऱ्याचा सुजलेला पाय सगळ्यांदेखत झिडकारावा लागला असता. मी तेवढ्यात “आई गं!” म्हणून कळवळलो. तेही सोंग नव्हतं, पण वेळ बरोबर साधली गेली.

“हो, हो... जाऊन ये,” तो म्हणाला.

ती माझ्या बाजूने गेली. जाताना थांबली, वाटीतला एक तिळाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. गोड बोला वगैरे काही म्हणाली नाही. फाटकाबाहेर पालिकेची गाडी उभी होती. दोघी बसल्या, गाडी वळली आणि विश्वामित्रीच्या पुलाकडे गेली. जिन्यावरची एकही बाई गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलली नाही.

संध्याकाळी माझ्या पायाला लेप लावताना मी आमच्या हिला विचारलं, “काय गं, तूही गेलीस का अत्तर लावायला?”

“गेले की. सगळ्या गेल्या.”

“आत काय बोललीस?”

तिने लेपाची वाटी झाकली. “ते आतलं आहे,” म्हणाली आणि उठून गेली. मी आजतागायत त्या उत्तराच्या बाहेर बसून आहे, पायऱ्यांवर बसायचो तसाच. त्या दिवशी किती जणींनी आत खरंच काही सांगितलं आणि किती जणी नुसत्या सोबतीला गेल्या, हे मला कधीच कळणार नाही. सोसायटीत नवरा-बायको शेजारून जाताना दिसले, की हल्ली मी काय जोडी आहे असं म्हणत नाही. नमस्कार करतो आणि पुढे जातो.

समोरच्या दाराला आता कुलूप आहे. त्याने दुसरीकडे बदली करून घेतली. प्रकरण कोर्टात आहे. पालिकेच्या बाईंना विचारलं की “चाले छे, काका” म्हणतात. ती भावाकडे राहून कामाला लागली.

परवा दुपारी बेल वाजली. मी काठी टेकत दार उघडलं, तर ती. एकटी. खाली रिक्षा वळत होती. अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज, खांद्याला पर्स, घामाघूम.

“काका, पाय कसा आहे?”

मला हेच हवं होतं. पायाची गोष्ट मी तोवर घासून पुसून लखलखीत केली होती. गेले कित्येक दिवस मी ती गोष्ट येईल त्याला ऐकवत होतो. “ये, ये, बस,” मी म्हणालो. “त्याचं असं झालं...”

पण ती बोलायला लागली होती. बसायच्या आधीच. स्टेशनवर रिक्षावाल्याशी कशी भांडली, भावाच्या घरासमोरची म्हैस रोज दारात कशी येते, मुलगी फोनवर काय म्हणाली, ऑफिसातल्या बाईंनी डबा कसा चोरला. चहा आला तरी बोलत होती, निवला तरी बोलत होती. एका गोष्टीतून दुसरीत, दुसरीतून मागच्या जन्मात, मध्येच स्वतःच हसत, माझ्यासारखीच शेवट विसरत. आमची ही तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत होती. मी दोन-तीनदा तोंड उघडलं. “थांबा हो काका,” असं म्हणून तिने ते बंद केलं.

मी थांबलो. पाय स्टुलावर ठेवला आणि ऐकत राहिलो. माझी गोष्ट त्या दिवशी राहूनच गेली.